डॉक्टरांचं बूच

गरम नळाला लाल पाणी आणि शेजारच्या गार नळाला मात्र स्वच्छ! पालवीने दोन्ही नळांखाली एकेक पेला धरला, दोन्ही पेले खिडकीपाशी नेले आणि उजेडात बराच वेळ न्याहाळले. गच्चीवरची टाकी एकच आणि बोअरचं पाणीही तेच. मग एकाच नळाला हा गंजाचा रंग आला कुठून?

एरवी असं कोडं सापडलं की ती उड्या मारत आजोबांकडे पळाली असती. आज तिचे पाय उचलेनात. कारण असंच लाल पाणी तिने आधी एकदा पाहिलं होतं, शेजारच्या निखिलआजोबांकडे. "रंगपंचमी आली बघ आमच्याकडे," असं म्हणून त्यांनीच तिला ते हसत हसत दाखवलं होतं. मग एका सकाळी त्यांचा गीझर फुटला. न्हाणीघराची भिंत अंगणात येऊन पडली आणि आत अंघोळीला गेलेले निखिलआजोबा जिवंत बाहेर आले नाहीत. परवाच त्यांचा तेरावा झाला. कोणी म्हणालं विजेचा दाब वाढला असेल, कोणी म्हणालं वेळ आली होती. एवढं बोलून लोक आपापल्या घरी गेले.

ही गोष्ट आहे अजून साठेक वर्षांनंतरची, अंबाजोगाईच्या बालाघाट कॉलनीतली. तेव्हाच्या आजोबांची नावं निखिल आणि सुयोग अशीच असणार, त्याला इलाज नाही. आज तुमच्या वर्गात मागच्या बाकावर दंगा करणारेच पुढे आजोबा होणार आहेत.

पालवीचे आजोबा म्हणजे डॉक्टर सुयोग हरंगुळे. ते गोळ्या-औषधांचे डॉक्टर नव्हते, भूजलशास्त्रज्ञ (जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे) होते. पालवीचे आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असायचे, म्हणून ती आजोबांजवळ राहायची. मोठ्या दुष्काळात सगळं गाव उठून चाललं होतं, तेव्हा याच माणसाने खडकाच्या पोटातलं पाणी शोधलं आणि ते पुरवून वापरायला लोकांना शिकवलं. तेव्हापासून कॉलनीत 'हातफेर' सुरू झाला. दिवेलागणीला घरातल्या कोणीतरी प्रत्येक नळाखालून कोरडा तळवा फिरवायचा. तळवा कोरडा राहिला तरच ताटं मांडायची. ओला झाला तर आधी गळती बंद, मग जेवण. पाहुणा आला तरी हा नियम मोडत नसे. इथली मुलं बोलायला लागायच्या आधी हातफेर शिकायची, आणि तो आपल्या आजोबांनी सुरू केला याचा पालवीला कोण अभिमान!

तर पालवी दोन्ही पेले घेऊन घरापुढच्या ओट्यावर आली. आजोबा तिथे नुसते बसून होते. निखिलआजोबा त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते गेल्यापासून आजोबांनी दाढी केली नव्हती, वर्तमानपत्राची घडीही मोडली नव्हती.

"आजोबा, हे बघा ना. लाल पाणी फक्त गरम नळाला येतंय."

आजोबांनी पेले बघितले आणि ते एकदम ताठ बसले. "खटपट्याला बोलाव," ते म्हणाले.

खटपट्या म्हणजे त्यांचा यंत्रमानव. तीन चाकं, एकच हात, नगरपालिकेने भंगारात काढलेला आणि आजोबांनी उचलून आणलेला. त्याला गोड बोलता येत नसे. तिघं न्हाणीघरात गेले. गीझर सकाळपासून चालूच होता आणि आतून कुरकुर, खडखड असा आवाज येत होता.

"पाणी दोन्ही नळांना एकच," आजोबा म्हणाले. "मग गरम पाणी वाटेत कुठे थांबतं?"

"गीझरच्या टाकीत. म्हणजे गंज तिथला?"

"बरोबर. ती टाकी पोलादाची असते. पोलाद गंजू नये म्हणून आतून काचेसारखा मुलामा देतात, पण त्याला बारीक चिरा जातातच. म्हणून टाकीत एक बळीदांडी (पोलादाऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची सळई) सोडलेली असते. दोन धातू एकाच पाण्यात, एकमेकांना जोडून ठेवले, की त्यातला जास्त उतावळा धातू आधी झिजतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा उतावळं. ते झिजत राहतं तोवर पोलाद शाबूत राहतं."

"आणि ते संपलं की?"

"मग पोलादाची पाळी. खटपट्या, दांडी किती उरली आहे?"

खटपट्याने आपला हात टाकीला टेकवला आणि श्राव्यातीत ध्वनी (आपल्या कानांना ऐकू न येणारा फार बारीक आवाज) आत सोडला. आतल्या वस्तूंवर आपटून परत येणाऱ्या आवाजावरून त्याला आतलं चित्र दिसायचं. "दांडी नाही," तो म्हणाला. "दांडीच्या आतली तार तेवढी आहे. तळाशी पांढरा थर आहे, वीतभर."

"ते आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी तापलं की ते तळाशी बसतात. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचे बुडबुडे थर फोडून वर येतात. आवाज येतोय तो त्याचाच."

"आणखी एक," खटपट्या म्हणाला. "टाकीच्या पोटाजवळचा सांधा ओलसर आहे. पाण्याचं तापमान एकशे एकवीस अंश."

पालवीला वाटलं, याचं डोकं फिरलं. गीझरचा काटा साठवर लावलेला होता, आणि पाणी तर शंभर अंशांना उकळून वाफ होतं. मग एकशे एकवीस कसं असेल? ती हे विचारणार, तोच तिने आजोबांचा चेहरा पाहिला. तो पार उतरला होता.

"पालवी, मागे वळ आणि अंगणात चल. कुठल्याही नळाला हात लावू नकोस. खटपट्या, तूही चल."

दारापाशी आजोबांनी सगळ्या घराची वीज बंद केली आणि तिच्या दंडाला धरून ते थेट फाटकापर्यंत गेले. पालवीला रडू येत होतं, पण ती रडली नाही.

"आता तो हळूहळू निवेल," आजोबा म्हणाले. "तोवर घरात कोणी जायचं नाही."

थोडा वेळ गेल्यावर तिने विचारलं, "एकशे एकवीस कसं झालं, आजोबा?"

"उष्णतानियंत्रक (ठरावीक उष्णतेला वीज तोडणारा भाग) क्षारांत गाडला गेलाय. त्याला वाटतं पाणी अजून गारच आहे, म्हणून तो वीज तोडतच नाही. आणि बंद टाकीत दाब वाढला की पाणी शंभरच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. त्याला वाफ व्हायचं असतं, पण जागा मिळत नाही. अशा वेळी टाकी कुठे उसवली, की त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं. पेलाभर पाण्याच्या वाफेला दीड हजार पेल्यांहून जास्त जागा लागते, आणि न्हाणीघरात एवढी जागा कुठून आणणार?"

पालवीने शेजारच्या अंगणाकडे पाहिलं. भिंतीच्या विटा अजून तिथेच रचून ठेवल्या होत्या.

"पण दाब इतका वाढतोच कसा? गीझर बनवणाऱ्यांना हे माहीत नसतं?"

"असतं की. पाणी तापलं की फुगतं. मागे जाता येत नाही, कारण आत येणाऱ्या पाइपात एकाच बाजूने उघडणारी झडप असते. म्हणून टाकीला आणखी एक सुरक्षा झडप देतात. दाब वाढला की ती जराशी उघडते आणि फुगलेलं पाणी थेंब थेंब..."

आजोबा बोलता बोलता थांबले. पालवीने वाट पाहिली. मग तिलाही आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

हातफेराच्या सुरुवातीला घरोघर तळवे ओले व्हायचे, ते याच झडपेखाली. बाकी सगळे नळ कोरडे, आणि ही एक झडप रोज टपकणार. तेव्हा आजोबांनी पितळेचं एक आटेदार बूच बनवून घेतलं आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरात स्वतः जाऊन बसवलं. डॉक्टरांचं बूच म्हणून ते गावभर नावाजलं गेलं. मोठी माणसं अजूनही पालवीला त्याची गोष्ट कौतुकाने सांगायची.

"ते थेंब मी बंद केले," आजोबा म्हणाले. "मला पाण्याचा थेंब दिसला. तो का पडतोय हे विचारलंच नाही. जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, आधी कारण शोधा. टाक्या नव्या होत्या तोवर त्यांनी सोसलं. आता त्या आतून गंजल्यात. निखिलला मी मारलं, पालवी."

"तुम्ही मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही केलं. पण केलं मीच."

ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. हे कोणालाच माहीत नव्हतं. निखिलआजोबांच्या पत्नी प्राजक्ताआजी तिची वेणी घालायच्या, तिच्यासाठी धपाटे पाठवायच्या. त्यांना हे कळलं तर? आणि कॉलनीला कळलं तर आजोबांकडे कोण बघेल? तिला एक वाट सुचली आणि ती घाईघाईने बोलली.

"आजोबा, आपण सगळ्यांना फक्त नवे गीझर घ्यायला सांगू या. गरम पाणी लाल आलं, खडखड वाजलं, सांधा ओला झाला, की बदला म्हणून सांगायचं. ते खरंच आहे ना? बुचाचं कशाला सांगायचं?"

"खरं आहे," आजोबा म्हणाले. "दांडी झिजली तर नवी घालता येते, क्षार खरवडता येतात. दोन वर्षांतून एकदा उघडून बघितलं तर गीझर पुष्कळ टिकतो. पण पोलादच गंजायला लागलं की टाकीला ठिगळ लागत नाही, ती बदलावीच लागते. हे सगळं सांगू. लोक नवे गीझर आणतील. आणि मग काय करतील?"

पालवी फाटकाच्या गजावरचा रंग नखाने खरवडू लागली.

"संध्याकाळी हातफेर होईल. नव्या झडपेखाली तळवा ओला होईल. घरातलं एखादं पोर जुन्या गीझरचं बूच काढून नव्याला बसवेल. तुझ्याएवढं पोर असेल ते."

ती स्वतः तेच करणार होती, हे तिला पक्कं माहीत होतं.

"खटपट्या," आजोबा म्हणाले, "टाकी पूर्ण निवेपर्यंत दारात उभा राहा. बूच तेव्हाच काढ, आधी नाही."

"कळलं," खटपट्या म्हणाला. "बूच आधी काढलं तर मीही भंगार."

शेजारच्या घरी प्राजक्ताआजी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. आजोबांनी उंबरा ओलांडला नाही. दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: दांडी, क्षार, झडप आणि शेवटी बूच. कुठेही आडपडदा ठेवला नाही, की माफीसाठी हात जोडले नाहीत. पालवी त्यांच्या मागे उभी होती आणि तिला जमिनीवरून नजर उचलवत नव्हती.

"काय बोलायलाव तुम्ही, सुयोगभावजी," प्राजक्ताआजी फार हळू म्हणाल्या. "मी म्हणले होते त्यांना, माणूस बोलावून गीझर दाखवा. तर म्हणाले, सुयोगने बूच बसवलंय, त्याला काय होतंय." त्यांनी उठून दार लावून घेतलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. आदळलं असतं तर बरं, असं पालवीला वाटलं.

आजोबा तसेच पुढच्या घरी गेले. तिथल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले. "डॉक्टर, मित्राच्या जाण्याने तुम्ही खचलात. जरा आराम करा. तुमच्या बुचाने या गावाला जगवलंय." त्यापुढच्या घरातल्या बाईंनी त्यांना बळेच चहा पाजला आणि गीझर चालूच ठेवला. तिसऱ्या घरात तर कोणी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ज्या माणसाचं इतकी वर्षं ऐकलं, त्याचं आज कोणालाच ऐकायचं नव्हतं. चूक डॉक्टरांची असूच शकत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

पालवीच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. झडपेचे थेंब एका नळीने वळवून साठवणीच्या हौदात का सोडू नयेत? झडपही मोकळी राहील आणि थेंबही वाया जाणार नाही. इतकं सोपं होतं ते. घरी गेल्यावर आधी नळी शोधायची, असं तिने ठरवलं. पण त्यासाठी आधी लोकांनी बूच काढायला हवं होतं.

चौथ्या फाटकापाशी आजोबा थांबले आणि कट्ट्यावर बसले. त्यांना दम लागला होता. तेवढ्यात मागून चपला वाजल्या. प्राजक्ताआजी येत होत्या. त्यांचे डोळे सुजले होते.

"तुमचं ऐकणार नाहीत ते," त्या आजोबांकडे न बघता म्हणाल्या. "मी येते. पण माझ्याशी बोलू नका. आज नाही, उद्याही नाही."

आजोबांनी फक्त मान हलवली. प्राजक्ताआजींनी पालवीचा हात धरला. त्यांची पकड इतकी घट्ट होती, की तिची बोटं दुखायला लागली. तिने हात सोडवून घेतला नाही.

त्यांनी कडी वाजवली. दार उघडलं ते एका लहान मुलाने, त्याचं डोकं ओलं होतं. आतून गरम पाण्याची वाफ येत होती.

"आधी गीझर बंद कर," प्राजक्ताआजी त्याला म्हणाल्या. "मग घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलाव. आमचे हे कसे गेले, ते मला सांगायचंय."