पेटीचं दुसरं टोक

"चोरायचं ते चोरलंत, आणि परत करताना उपकार केल्याचा आव आणता! लाज कशी वाटत नाही?"

कोरली हे गाडीच्या काचेला सांगितल्यासारखं बोलली. बाहेर पिवळं गवत आणि वारुळं मागे पळत होती. शेजारी बसलेले संग्रहालयाचे फेनविकसाहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. मागे, घोंगडीत गुंडाळलेल्या लांबट पेटीत, कोरलीच्या वंशातला एक म्हातारा होता. तिच्या पणजीच्या काळात कोणीतरी त्याची हाडं लाव्हाने बनलेल्या भुयारातून उचलून नेली, आणि तेव्हापासून तो समुद्रापलीकडे एका कपाटात पडून होता. आज त्याला त्याच्या जागेवर निजवायचं होतं. तरच त्याची वणवण थांबणार होती.

भुयाराच्या तोंडाशी कोरलीच्या मर्लमावशीने, घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने, काठी टेकली आणि आपल्या भाषेत आतल्या काळोखाला मोठ्याने हाक दिली. आतल्या पूर्वजांना सांगितल्याशिवाय कोणी आत जात नाही. मग काखेचा घाम तळव्यावर घेऊन ती साहेबांच्या कपाळाला लावायला वळली. घरच्या माणसाचा वास असला की आतले परक्यालाही सांभाळून घेतात.

कोरलीने तिचा हात धरला. "नको मावशी. कळू दे त्यांना, कोण आलंय ते."

"राग आत नेऊ नये, पोरी. बरं, तू तरी ये. इतकी वर्षं शहरात शिकलीस, तुझाही वास बदललाय."

"मी घरचीच आहे! मला कसली ओळख लागते?"

मावशीने घामाचा तळवा पुसून टाकला. "मग निदान म्हाताऱ्याशी बोलत जा. वाट सांग त्याला. गोड बोल."

"ही आणि गोड?" गाडीवाला रेमंड हसला. "त्यापेक्षा मी गातो, मावशी. म्हातारा पळत घरी जाईल."

कोरलीने पुढचं टोक उचललं, साहेबांनी मागचं. दोघं उतरली.

पहिल्या वळणानंतर उजेड संपला, उरला तो कोरलीच्या गळ्यातल्या बॅटरीचा. छतातून वडाच्या पारंब्यांसारखी मुळं लोंबत होती, वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास डोळ्यांत चढत होता. हवा जड, कोमट, कोणीतरी नुकत्याच सोडलेल्या श्वासासारखी.

"माझी बॅटरी गेली वाटतं..." साहेब पुटपुटले.

पेटी मागून एकदम खाली गेली, आणि लगेच सावरली.

"धरा नीट! एकदा उचलून नेलंत तेव्हा बरे हात थरथरले नाहीत!"

मग मात्र कोरलीच्या तोंडाला लगाम राहिला नाही. वाट सांगायची राहून गेली, गोड बोलायचं राहून गेलं. "हाडं मोजणारे तुम्ही! आमच्या माणसांना चिठ्ठ्या डकवणारे! या जागेत पाय ठेवायची तुमची लायकी आहे? चालते व्हा इथून!"

भिंतींनी ते सगळं गिळलं. मागचं माणूस मुकाट चालत होतं. पेटी आता हलत नव्हती, वळण आलं की तिच्या आधीच वळत होती. बुटांची करकर थांबली होती. धुळीवर पडत होती फक्त मऊ, सपाट पावलं... बूट काढले असतील, तिला वाटलं. उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं.

शेवटच्या कोनाड्यात तिने पेटी टेकवली. मागचं टोकही अगदी त्याच क्षणी टेकलं. ती वळणार, तोच अंधारातून एक तळवा तिच्या कपाळावर आला. ओला, खरखरीत. लाकडाचा धूर आणि जुनी चरबी, असा काहीसा वास. तळवा कपाळावरून गालांवर हळूच फिरला, परक्या पाहुण्याला लावतात तसा.

"हात काढा!" ती ओरडली आणि बॅटरीचा झोत मागे फिरवला.

धूळ. मुळं. पेटी.

ती धडपडत, खरचटत बाहेर आली तेव्हा ऊन अजून कडक होतं. मावशी झाडाखाली डोळे मिटून बसली होती. गाडीत, पाय वर घेऊन, फेनविकसाहेब चहा पीत होते. त्यांचे बूट पायातच होते.

"हे... हे कधी आले?"

"पहिल्या वळणावरूनच पळत आले की," रेमंड म्हणाला. "मी तुला हाक मारणार होतो, तर मावशी म्हणाली, राहू दे, दुसरं टोक आतल्यांनी उचललंय."