तासाभराची मुदत

रचून सांगायचं असतं, तर मी रात्र निवडली असती.

हे घडलं ते भर दुपारी. मुलुंडला, १९७१ च्या मे महिन्यात, घड्याळात साडेबारा वाजलेले असताना. आमच्या भिकाजीमामांनी ते मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. मी रोज देवापुढे बसून उठते. खोटं लिहायला माझा हात धजणार नाही.

मामा क्रेन चालवायचे. राहायला भांडुपच्या चाळीत, मूळचे मालवणकडचे.

रस्ता रुंद करायचा होता आणि मधोमध एक जांभूळ उभं होतं. खोड दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, त्यामुळे पाडायची सोय नव्हती. वरून तुकडे करत करत क्रेननेच उतरवायचं होतं.

आमच्याकडची एक रीत आहे. मोठं झाड तोडायचं असलं की आदल्या संध्याकाळी मुळाशी नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवायचे. हात जोडून सांगायचं, "जे कोणी असाल ते दुसरीकडे जा." मग एक रात्र जाऊ द्यायची.

घर हलवायला कुणालाही एक रात्र तरी लागतेच ना?

मामांनी ही रीत कधी मोडली नव्हती. पण त्या दिवशी क्रेन सकाळीच बंदरावरून आली होती.

मामांनी नारळ ठेवला, तसा खाली इशारे देणारा सहदेव पुटपुटला, "भिक्या, हे काल करायचं असतं रे."

"काल आपण बंदरावर होतो. नारळ काय उडत येणार होता?"

"मग उद्या तोडू. मी सांगतो शेठला."

शेठ म्हणजे कंत्राटदार चंद्रप्रकाश. तो मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत आलाच.

"पूजाबिजा नंतर करा ना! क्रेन गेटबाहेर पडली की तासाला साठ रुपये. नुसती उभी राहिली तरी साठ. रात्रभर इथे उभी ठेवू? माझी वाट लावणार काय तुम्ही?"

मामांना महिन्याला मिळायचे तीनशे. 

त्यांनी झाडापुढे हात जोडले. आणि जे कधी बोलू नये ते बोलून गेले...

"जे कोणी असाल, तासाभरात दुसरीकडे जा."

फांद्या उतरल्या. शेंडा उतरला. शेवटी राहिलं ते बुंध्याचं मोठं खोड. करवत्यांनी ते कापलं, मामांनी उचललं. आता ते जरा बाजूला टेकवायचं, दोन तुकडे करायचे आणि लॉरीत भरायचं, एवढंच काम उरलं होतं.

त्या जुन्या मशीनचा एक कायदा होता. भार लटकत असेपर्यंत उजवा पाय ब्रेकवर दाबून धरायचा. पाय उचलला की भार खाली. केबिनमधून उठायचं नाही, काही झालं तरी.

सहदेवने हात वर केला. थांब.

मामा थांबले.

आणि... करवतींचा आवाज बंद झाला.

मग कावळे गप्प झाले.

मग बघ्यांची बडबडही थांबली. नुसतं इंजिन चालू राहिलं.

मामांना वाटलं, कान बसले. त्यांनी सहदेवकडे पाहिलं. त्याचा हात वरच होता. बोट हलत नव्हतं. पापणीसुद्धा लवत नव्हती.

लटकत्या खोडाच्या बरोब्बर खाली एक बाई पाठमोरी बसली होती.

विटकं हिरवं लुगडं. पुढ्यात झाडाचं उघडं थोटूक. त्यात हात घालून ती एकेक वस्तू बाहेर काढत होती. आधी पाण्याचा डेरा. मग सूप. मग पाळण्याची झोळी... झोळी तिने छातीशी धरली, झटकली, चौघडी घातली आणि बाजूला ठेवली.

तिला कसलीच घाई नव्हती. जन्मभराचा संसार हलवायचा होता.

"ओ बाई! हला तिथून!" मामा ओरडले.

तिने मान वळवली नाही.

बूम, म्हणजे क्रेनचा लांब दांडा, फिरवायला जावं, तर लिव्हर दगडासारखी घट्ट. पाय उचलावा, तर ती चिरडणार. मामा तसेच बसून राहिले.

ऊन जागचं हललं नाही. सावली हलली नाही. हलत होता फक्त डिझेलचा काटा. पूर्ण भरलेला होता... अर्ध्यावर आला... पावाच्याही खाली गेला.

पोटरीत गोळा आला. घोट्यापासून मांडीपर्यंत आग पेटली. पुढे पुढे पाय आहे की नाही तेच कळेना. मामांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला आणि रामरक्षा म्हणायला घेतली. किती वेळा म्हटली त्याची गणती राहिली नाही.

बाई चुलीचे दगड काढत होती. एक. दोन.

शेवटी मामा रडले. "आवशी, पाय सुटता गो माझो! जा ना दुसरीकडे!"

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. पाठ न वळवताच.

"खंय?"

'कुठे?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मामांना ते ठाऊक होतं, तरी तोंडून निघून गेलं.

"माझ्या घरी चल! पण आधी तिथून ऊठ!"

तिने तिसरा दगड काढला. गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि उठून बाजूला झाली.

लगेच सगळे आवाज परत आले. सहदेवचा हात खाली गेला. खोड जमिनीला टेकलं.

"पाच मिनिटं टांगून ठेवलंस! झोपला होतास काय?" चंद्रप्रकाश खेकसला.

मामा काही बोलायच्या आत इंजिन बंद पडलं. टाकी कोरडी. सहदेवने सकाळी स्वतःच्या हाताने भरली होती. मशीनच्या तासांच्या मीटरवर बारा तास जास्त भरले होते. एक अख्खी रात्र. चंद्रप्रकाशला त्या बारा तासांचंही भाडं पडलं.

मामांना चौघांनी उचलून उतरवलं. तो पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही.

संध्याकाळी घरी कमळमामी विचारत होती, "मोरीजवळ हे काळे दगड कुणी आणून ठेवले हो? तीन आहेत."

मामांनी दगडांपुढे मूठभर भात ठेवला. मग रोजच ठेवू लागले.

शहात्तर साली दोघं गावी गेली आणि खोली माझ्याकडे आली. सोबत भाताची ती मूठही आली. माझे उपवास असतात, पण तिचा भात चुकत नाही. दगड दिवसभर गार असतात. दुपारी साडेबाराला मात्र हात लावून बघा...

आता १९७९ चालू आहे. आमची चाळ पाडायची नोटीस आलीय. सोमवारी मशीन येणार. म्हणजे रविवारी संध्याकाळी मला नारळ ठेवायला हवा आणि सांगायला हवं, दुसरीकडे जा.

ती विचारील, "खंय?"

मला घाटकोपरला नवी खोली मिळाली आहे. दुसरी जागा माझ्या माहितीत नाही. तोंडून चुकून निघू नये म्हणून मी कालपासून मौन धरलंय.

आज नैवेद्य घेऊन मोरीपाशी गेले.

तिन्ही दगड जागेवर नव्हते. विटक्या हिरव्या फडक्यात बांधून ते दाराशी ठेवलेले होते... माझ्या भरून ठेवलेल्या ट्रंकेला अगदी लागून.

मी ते बांधलेले नाहीत.