बाकावरचं एक मिनिट

“अहो बाई, तुमचं पेन फार बोलतं.”

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. शूटिंगचा पहिला दिवस होता. मी कॅमेऱ्याच्या मागे वही घेऊन बसले होते आणि सवयीनं पेनाचं बटण टकटक दाबत होते. वळून पाहिलं तर हा... कानांवर हेडफोन, खांद्याला रेकॉर्डिंगचं मशीन आणि चेहरा अगदी हेडमास्तरांचा.

“पेन माझं आहे,” मी म्हणाले.

“पण कान माझे आहेत ना!” त्यानं खिशातून एक पिवळी पेन्सिल काढली आणि माझ्या वहीवर ठेवली. “ही मुकी आहे. हिनं लिहा.”

रागच आला मला. पेन्सिल मात्र ठेवून घेतली.

माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांत चित्रित होतो. सकाळी नायकाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल, तर दुपारच्या तुकड्यातही ते उघडंच हवं. असलं सगळं मी लिहून ठेवते. अकरा वर्षांत एक चूक नाही, म्हणून युनिटमध्ये सगळे मला ‘चित्रगुप्त’ म्हणायचे. आणि त्याला ‘कानसेन’. भिंतीपलीकडचा फ्रिजही त्याला ऐकू यायचा.

सिनेमा होता एका बड्या जोडप्यावर. आज बाई पंतप्रधान आणि त्यांचे यजमान मंत्री. पण आमच्या सिनेमात राजकारणाचा ‘र’ही नव्हता. होता तो त्यांच्या पहिल्या भेटीचा एक दिवस. ती शिकाऊ वकील, तो नगरपालिकेत नकाशे काढणारा. पाइपलाइनच्या सुनावणीत ती त्याची भर कोर्टात दांडी उडवते, आणि बाहेर आल्यावर तो तिला चक्क कॉफीला विचारतो. दोघं शहरभर चालत राहतात आणि शेवटी बागेतल्या एका बाकावर येऊन बसतात. बस्स, एवढंच.

“यात बघायचं काय?” जेवताना मी एकदा म्हणाले. “त्यांचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे.”

“म्हणून तर लोक निवांत बघतील. आपलं... आपलं कुणाला माहीत असतं?”

कानसेन बोलून गेला आणि ताटातच बघत जेवू लागला. मीही मान वर केली नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. एखादी जागा सोडण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट जागच्या जागी गप्प उभं राहायचं. त्या जागेची शांतता साउंडवाला रेकॉर्ड करतो. पुढे संवादांमधल्या फटी त्याच शांततेनं भरतात. कोर्टाची शांतता निराळी, जिन्याची निराळी. तो मशीनवर वाकायचा, बारीक माइकमध्ये जागा आणि दिवस पुटपुटायचा, आणि मग पन्नास माणसं पुतळे होऊन उभी. हलायची मुभा फक्त डोळ्यांना. माझे डोळे कुठे जायचे ते वेगळं सांगायला नको. त्याचे आधीच तिथे येऊन थांबलेले असायचे.

नवव्या दिवशी पावसाचा सीन होता. टँकरच्या पाइपातून रस्त्यावर पाऊस पाडत होते आणि कानसेनाचं डोकं फिरलं होतं. “पाऊस कसला, बागेत पाणी घालतायत!” तेवढ्यात पाइप हातातून सुटला आणि सगळं पाणी माझ्या वहीवर. त्यानं झटकन मशीनवरचं प्लास्टिक ओढलं आणि वहीवर टाकलं.

“अहो, तुमचं मशीन भिजेल!”

“मशीन दुसरं मिळेल. तू मागे सरक आधी.”

तू! ओल्या वहीच्या कोपऱ्यात मी मुक्या पेन्सिलीनं लिहिलं: दिवस नववा, दुपारी तीन दहा, ‘तू’. कंटिन्युइटीच्या दृष्टीनं दुसऱ्या दिवसापासून मलाही ‘तू’ म्हणणं भागच होतं.

विसाव्या दिवशी तो माझ्या शेजारच्या खोक्यावर येऊन बसला.

“एक जहाज निघालंय. समुद्राचा अभ्यास करायला, दोन वर्षांसाठी. त्यांना साउंडवाला हवाय. देवमासे गातात ना, ते रेकॉर्ड करायचं.”

“अरे वा! मग जा की.”

“जाऊ?”

“मला काय विचारतोस?”

“तुलाच विचारतोय.” तो हसत नव्हता. “शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तू ‘नको’ म्हणालीस तर नाही जाणार. पण... पुन्हा विचारणार नाही मी. तुझ्या मनाविरुद्ध वदवून घेतलं असं व्हायला नको.”

घरी आईला सांगितलं. आई भाजी चिरता चिरता थांबली.

“अगं, माणूस विचारतोय म्हणजे त्याला थांबायचंय. एवढं कळत नाही?”

“त्याचं नुकसान होईल, आई. असं काम आयुष्यात एकदाच मिळतं.”

“आणि असा माणूस? तो काय दर शूटिंगला मिळतो? दुनियेची बटणं लक्षात ठेवतेस, स्वतःच्या वेळेला मात्र तोंडाला कुलूप!”

आईचं पटलं. मी ठरवलं, सांगायचं. एक शब्द तर होता.

बाविसावा, शेवटचा दिवस. बाग, तो बाक, हातांत कॉफीचे कागदी कप. सीन असा, की तो “निघतो मी” म्हणून उठतो, ती काही क्षण गप्प राहते आणि मग म्हणते, “इतक्यात नको ना जाऊस.” तो पुन्हा बसतो. झाली त्यांची गोष्ट सुरू.

त्या दिवशी कानसेन दाढी करून आला होता. डावा कान हेडफोनमधून मोकळा ठेवायची त्याची सवय, तो कान उन्हात लाल झाला होता. हे सगळं मी पाहिलं. नायिकेचा कप लांबच्या शॉटमध्ये डाव्या हातात होता आणि जवळच्या शॉटमध्ये उजव्या, तेवढं पाहिलं नाही. वहीत दोन्हीकडे ‘डावा’ लिहून मोकळी झाले.

मग हाक आली, “शांतता! एक मिनिट!”

तो मशीनवर वाकला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पुटपुटला. मी सातआठ पावलांवर, मला काही ऐकू आलं नाही. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. पानं सळसळत होती. लांब कुणाची तरी सायकल करकरत गेली. तो बघतच होता. आता... आत्ताच बोलावं, असं इतकं आतून वाटलं, की मी छाती भरून श्वास घेतला, ओठ उघडले...

आणि अकरा वर्षांची सवय आडवी आली. टेक बाद होईल. एका मिनिटानं काय बिघडतंय, नंतर सांगू.

“झालं. थँक्यू,” तो म्हणाला.

टाळ्या, शिट्ट्या, केक, फोटो. निर्मात्यांनी त्याला खांद्याला धरून फोटोसाठी ओढून नेलं. माझ्याभोवती तिघं सह्यांचे कागद घेऊन उभे. त्यातून सुटून मी धावत फाटकाशी पोचले, तेव्हा तो फोनवर होता.

“हो... हो, येतोय. नक्की.” फोन ठेवून तो वळला. हसला, पण ते हसू काही बरोबर नव्हतं. “चित्रगुप्त, लिहून घे. देवमाशांकडे चाललो.”

अजूनही वेळ गेलेली नव्हती. पण त्यानं शब्द देऊन टाकला होता, आणि दिलेला शब्द मोडायला लावणारी मी कोण?

“छान,” मी म्हणाले.

या शब्दाची मला आजही लाज वाटते.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एका सेटवर लाइटदादा भेटला. “आपल्या कानसेनाचं जमलं बरं का! जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंशी. लग्न करून तिकडेच राहणार.”

“छान,” मी पुन्हा म्हणाले. घरी येऊन मात्र आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.

त्यानंतर दोन महिन्यांनी एडिटरबाईंचा फोन आला.

“अगं, कप उडी मारतोय! डाव्या हातातून थेट उजव्यात. तू असं कसं सोडलंस?”

माझी अकरा वर्षांतली पहिली चूक. मान खाली घालून त्यांच्या छोट्याशा खोलीत जाऊन बसले. त्यांनी तोडगा काढलाच होता. मधे नायकाचा चेहरा जास्त वेळ ठेवायचा, म्हणजे कप दिसणार नाही. संवादाआधी तेवढी फट वाढेल, ती बागेच्या शांततेनं भरायची.

“तुमची ती मिनिटाची फाइल बघू,” म्हणत त्यांनी बटण दाबलं.

त्याचा आवाज आला.

“दिवस बाविसावा. बाग, बाक. शांतता, एक मिनिट.” मग थोडं थांबून, अगदी हळू, “ती समोर उभी आहे. आज बोलेल असं वाटतंय... बोलली तर टेक गेला तरी चालेल. मी मशीन बंद करणार नाही.”

एडिटरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

पानं सळसळली. सायकल गेली. आणि मग एक श्वास... खोल, भरून घेतलेला. तो बाहेर आलाच नाही. पुन्हा पानं. मग, “झालं. थँक्यू.” पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की हे म्हणताना त्याचा आवाज बसला होता.

“मधे कुणाचा तरी श्वास आलाय,” एडिटरबाई जपून म्हणाल्या. “काढून टाकू?”

“नको,” मी म्हणाले.

आठ महिने उशिरा.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन गेले. थिएटर भरलेलं होतं. शेवट ठाऊक असलेली माणसं निवांत बसली होती. बाकाचा सीन आला. तो “निघतो मी” म्हणून उठला. पडद्यावर त्याचा चेहरा, पानांची सळसळ, आणि मग माझा श्वास.

आई माझ्याकडे झुकून कुजबुजली, “बघ गं, बिचारीचा श्वास कसा अडकला.”

मी आईचा हात धरला.

“इतक्यात नको ना जाऊस,” पडद्यावरची ती म्हणाली.

आणि तो पुन्हा बाकावर बसला.