नितळाईला देऊ केलेलं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. रविवार होता. अम्मीनं खिम्याचे सामोसे डब्यात भरून दिले, मी स्कूटर काढली आणि पौडहून धरणाच्या काठाकडं निघाले. तिथं निषादच्या मामांचं घर आहे, रिकामंच असतं. महिन्यातून एकदा आम्ही चौघं तिथं जमायचो. निषाद, हेमलता, पियूष आणि मी, आसमा. बावधनला एकाच ऑफिसात कामाला.

जमून काय करायचो ते सांगते. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायचो. निषाद गोष्ट चालवायचा, आम्ही तिघं त्यातली माणसं व्हायचो. आपलं माणूस काय करतंय ते आपण बोलायचं. ते साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. पियूष शिपाई होता, हेमलता चोर. जखमा भरायला कुणीतरी देवाधर्माचं लागतं, ते माझ्यावर आलं. मी पुजारीण.

आमच्या घरात पाच वक्तांची नमाज. अब्बा आमच्या मशिदीत तीस वर्षं अजान देत आलेत. लाउडस्पीकर नसतानाही त्यांचा आवाज बाजारपेठेपर्यंत जायचा. खेळाचं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "खेळ, बेटा. पण अल्लाशिवाय दुसऱ्या कुणापुढं हात पसरू नकोस. खेळातसुद्धा."

मी हसण्यावारी नेलं. देवी मीच तर रचली होती. नितळाई, पाण्यातली. ऑफिसातून येताना चांदणी चौकात गाडी अडकली होती, तेव्हा ते नाव सुचलं होतं. असंच.

त्या दिवशी दुपार सरता सरत नव्हती. पाणी खूप आत गेलेलं, काठाला नुसता तडकलेला गाळ. उघड्या खिडकीतून त्याचा वास येत होता, शिळ्या मासळीसारखा. बाहेर पडवीच्या सावलीत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. बायजा तिचं नाव, वरच्या धनगरवाड्यातली. अधूनमधून एखादी घंटा वाजायची, बाकी काही आवाज नाही.

गोष्टीत पियूषचा शिपाई मरायला टेकला होता. मी म्हटलं, "नितळाईला साकडं घालते."

"देणार काय?" निषादनं विचारलं.

"चांदीचं कडं."

"ते नको. तिला जड काहीतरी लागतं."

"तुला काय माहीत, काय लागतं ते?"

"गोष्ट मी चालवतोय ना," तो म्हणाला. मान वर न करता.

माझ्या पुजारणीचा बाप गोंधळी होता, असं मी खेळाच्या सुरुवातीला लिहून दिलं होतं. मी म्हणाले, "माझ्या बापाचा आवाज." आणि फासा टाकला.

वीस पडला. त्याच्या वर आकडा नाही.

"घेतला," निषाद म्हणाला. तेवढ्यात माझा फोन वाजला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेचा गजर. मी दचकले, पियूष हसला.

वजू करायला, हातपाय धुवायला उठले तर बायजा दारात उभी होती.

"त्ये नाव कुनी सांगितलं तुमास्नी?"

"कुठलं, आजी?"

"आत्ता घेतलं त्ये."

"मीच रचलंय. खेळातलं आहे."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. खोटं बोलणाऱ्याकडं बघावं तसं. "ती खालच्या गावाची हाय. गाव बुडालं, तवापासनं नाव कुनी घेत न्हाई. माज्या सासूनं मला कानात सांगितलं हुतं." मग टेबलाकडं बघत, हळूच, "काय देऊ केलं...?"

मी नळाकडं वळले. ती शेळ्या घेऊन निघून गेली.

सातच्या सुमाराला घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. माझा भाऊ नौशाद म्हणाला, "अब्बा असरला माइकसमोर उभे राहिले, कानाला हात लावले, तोंड उघडलं. आवाजच नाही."

अब्बा खाटेवर बसले होते. मला बघून ओठ हलले. कुजबुजसुद्धा आली नाही.

पुण्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. नाकातून बारीक कॅमेरा घातला. घसा ठीक, स्वरयंत्र ठीक, मेंदूचा फोटो ठीक. अब्बांनी एक वही घेतली, तीत लिहून बोलायला लागले. पाणी दे. पंखा कमी कर. मशिदीत नौशाद अजान द्यायला लागला. अब्बा पहिल्या ओळीत खाली मान घालून बसायचे.

मला निषादचा संशय होता. ऑफिसच्या जिन्यात त्याला गाठलं. "ते नाव तुला आधीपासून माहीत होतं."

"नाव तू आणलंस, आसमा."

"मग जड काहीतरी लागतं, हे कुठून आणलंस?"

"मला वाटलं, तूच लिहून दिलं होतंस. नंतर घरी जाऊन तुझा कागद काढला. त्यात ते नाही." मग आवाज उतरवून, "तुझं आजोळ खालच्या गावातलं आहे का? खरं सांग."

माझं आजोळ खडकीचं. पण त्याला ते पटलं नाही, दिसत होतं. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलतो. खेळ थांबला तो थांबलाच.

तीन आठवड्यांनी रजा टाकून मी एकटीच धरणावर गेले. बायजा काठाला शेळ्या चारत होती. मी सरळ विचारलं, "दिलेलं परत मागता येतं का?"

"येतं की."

"कसं?"

"खेळात न्हाई. खरं मागावं लागतं. तिच्याबिगर मला कुनी न्हाई, आसं म्हनून."

"म्हणजे मानायचं?"

"व्हय. मनापासनं. तिला कळतं."

म्हातारी शेळ्यांमागं गेली. मी गाळ तुडवत पाण्यापर्यंत गेले. भर अकराचं ऊन, पण पाण्याजवळ अंगावर काटा आला. पाणी काळं नव्हतं, गढूळही नव्हतं. अगदी स्वच्छ होतं. तरी तळ दिसत नव्हता. मी ओंजळ पुढं केली. डोळ्यांपुढं अब्बा होते, पहिल्या ओळीत, खाली मान घातलेले. एक वाक्य तर होतं. म्हणायला कितीसा वेळ लागणार होता?

लहानपणी अब्बांनीच मला दुआ मागायला शिकवलं होतं, हेच हात धरून. माझी ओंजळ सुटली. मी मागितलं नाही. निदान तोंडानं नाही. मनात काय झालं, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

कुणाला काही न सांगता घरी आले. जाताना दवाखान्याच्या कागदांचं काम आहे, असं अम्मीला सांगितलं होतं. देवीचं तर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अब्बा खिडकीशी बसले होते. चेहरा शांत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी जवळ बसले तशी त्यांनी वही ओढली, सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवली.

"मागू नकोस. आवाज तिनं नीट ठेवलाय."

"कुणी, अब्बा...?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मी हे विचारते आहे, याचंच त्यांना नवल वाटत असावं, तसं.