हवेतलं कुलूप

चौकहून लोधिवलीकडे निघालं की जुन्या हायवेच्या कडेला धनेशची नर्सरी लागते. मार्चातल्या एका रणरणत्या दुपारी त्या नर्सरीच्या फाटकासमोर एक मुलगी स्कूटी लावून उभी होती, आणि तिच्या हातात माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना होता. तो आधी इर्शाळगडाकडे वळला, मग हायवेवरच्या ट्रककडे, आणि मग... थेट धनेशच्या शेडनेटवर येऊन थांबला.

आपल्यावर असं कुणी काही रोखून धरलं, तर माणूस चौकशी करणारच.

"घरी टीव्ही दिसत नाय का?" धनेश फाटकाशी येऊन म्हणाला.

तिने कानातले हेडफोन काढले. कपाळावर घामाने चिकटलेली बट मागे सारली. "दिसतो की. पण तुमची नर्सरी जास्त स्पष्ट दिसते."

धनेश जरा लाजलाच. पण मुलीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं, सीटवर ठेवलेल्या लॅपटॉपकडे होतं.

"आत्ता शेडमधले फॉगर रिमोटने चालू केलेत ना? दोनदा. पहिल्यांदा लागले नसावेत, कारण दुसऱ्यांदा बटण रागाने दाबलंत. बराच वेळ धरून ठेवलं होतं."

धनेशने खिशातला रिमोट चाचपला. पहिल्यांदा खरंच लागले नव्हते. दुसऱ्यांदा त्याने बटणाला एक शिवीही हासडली होती, ती तेवढी ऐकू आली नसावी अशी त्याने मनोमन प्रार्थना केली.

"तुमाला फाटकाबाहेरनं शेडच्या आतलं दिसलं कसं?"

"बघावं लागत नाही. रिमोट हवेत बोलतो. आपण फक्त ऐकायचं."

तिचं नाव जागृती. घर खोपोलीला, शिळफाट्यावर. कर्जत रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती वायरलेस नेटवर्कची सुरक्षा शिकवत होती आणि त्यातच पीएचडी करत होती. शेतातले पंप, फाटकं, फॉगर आता बिनतारी झाले, पण त्यांना कुलूप कुणी लावलं नाही, हा तिच्या अभ्यासाचा विषय. हे सगळं तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि मग सहज विचारलं, "तुमच्या रिमोटला हात न लावता मी फॉगर चालू करून दाखवू? तुम्ही हो म्हणालात तरच."

"आन नाय म्हटलं तर?"

"तर रिमोट बदला, एवढं सांगून निघून जाईन."

ती निघून जाईल, हा पर्याय धनेशला मुळीच पसंत पडला नाही. तो गुलाबाच्या कलमांमध्ये जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. "हो म्हटलं. बघू तरी."

फाटकाबाहेर तिने एक कळ दाबली. डोक्यावरचे सगळे फॉगर एकदम फुसफुसले आणि कोरड्याठाक दुपारी धनेशच्या केसांवर, पापण्यांवर, घडी घातलेल्या हातांवर धुकं उतरलं. खिशातला रिमोट खिशातच होता. त्याने तो बाहेर काढून उलटासुलटा करून पाहिला.

"तुमचा रिमोट दर वेळी एकच वाक्य बोलतो," ती हसू दाबत म्हणाली. "मी ते ऐकलं आणि पुन्हा म्हटलं. बस्स."

शेतकीची पदवी घेतलेला हा गडी. नोकरी सोडून बापाच्या भातखाचरात नर्सरी काढली तेव्हा लोधिवलीने वेड्यात काढलं, तरी डगमगला नव्हता. पण त्या दुपारी तो जो चकित झाला, तो पुढे नीट भानावर आलाच नाही.

मग तिने त्याला हवा दाखवली. लॅपटॉपच्या निळ्या पडद्यावर रेघा झरत होत्या. ही आपली उंची सांगत मुंबईला उतरणाऱ्या विमानाची. ही ढाब्यावर कुणीतरी गाडी लॉक केली तिची. ही टायरमधली हवा सांगणारी. ही पलीकडच्या फार्महाउसचं फाटक. धनेशने मान वर केली. समोर तोच प्रबळगड, तेच फिकट आभाळ, एक घार. सत्तावीस वर्षं तो या आभाळाखाली वावरला होता आणि ते रिकामं आहे असं समजत होता.

"एवढं सगळं... आपल्या अंगावरून जातंय?"

"अंगातून," ती म्हणाली. तिचा आवाजही हळू झाला होता. "मी रोज शिकवते, तरी मला रोज नवल वाटतं. मुलांना वाटतं, बाई नाटक करतात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाटक मुळीच नव्हतं. देवळात दिवा लावताना माणसं जशी दिसतात, तशी ती त्या रेघांकडे पाहत होती. धनेशला तिथल्या तिथे कळून चुकलं की आता आपली खैर नाही.

तर असं जुळलं. जागृतीने स्वतः बनवलेलं कुलूप त्याच्या फॉगरवर बसवलं. तिच्या रिमोटचं प्रत्येक वाक्य नवं होतं, त्याला क्रमांक होता, आणि एकदा येऊन गेलेला क्रमांक फॉगरने पुन्हा ऐकायचा नाही, असा नियम होता. शेडच्या खांबाला तिने आणखी एक डबी बांधली. ती बॅटरीवर चालायची आणि दिवसभर जुनी, चोरून ऐकलेली वाक्यं ओरडत राहायची. कुलूप फसतं का, ते पाहायला.

"हा आपला चोर," ती म्हणाली. "तुमचं काम एकच. फॉगर कधी आपोआप सुरू झाले, तर मला सांगायचं. मी पहिल्या तासाला मुलांना हेच शिकवते. दार उघडं दिसलं तर आत शिरायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. मालकाला सांगायचं."

"आन मालकानं नाय ऐकलं तर?"

"त्याला दुरुस्तीला तीन महिने द्यायचे. तोवर कुणाकडे बोलायचं नाही. मग जगाला सांगायचं. आमच्यात तशी रीतच आहे."

दर शनिवारी ती यायची. चोराला शिव्या घालत दोघं चहा प्यायची. धनेशची आई गौराबाई झेंडूच्या वाफ्यातून सगळं बघायची आणि बघत नसल्यासारखी खुरपायची. एका शनिवारी तिने विचारलंच, "पोरी, त्या डबीत काय हाय गं, की तिच्यासाठी शिळफाट्यावरून येतीस?"

"चोर आहे, मावशी."

"डबीतला का बाहेरचा?"

जागृतीने चहात तोंड घातलं. धनेश कुंड्या मोजायला पळाला.

तिचा मोठा सेमिनार एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होता. पाच वर्षांचं काम त्या दिवशी मांडायचं, मुंबईहून परीक्षक बाई येणार, त्यांनी मान डोलावली की प्रबंध सादर. "माझं कुलूप एकदाही फसलं नाही, हे एक वाक्य मला त्यांच्यासमोर बोलायचंय," ती म्हणाली होती. हे बोलताना तिचे डोळे असे काही उजळले की धनेशने ते वाक्य स्वतःच्याच नवसासारखं मनात जपलं.

सेमिनारच्या आधीच्या बुधवारी दुपारी लाईट गेली. त्यात नवल नाही, वारा सुटला तरी तिकडे लाईट जाते; कुलूप बसवल्यापासून मात्र ही पहिलीच खेप. तासाभराने आली. धनेश शेडमध्ये जरबेरा वेचत होता... आणि डोक्यावरचे फॉगर फुसफुसले.

रिमोट घरात होता. खांबावरचा चोर आपला दिवा लुकलुकवत ओरडत होता.

धनेशने फोन काढला, जागृतीचं नाव उघडलं आणि तसाच उभा राहिला. सांगितलं तर पाच वर्षांचं ते एक वाक्य खोटं होणार. तेही तीन दिवस आधी, आणि आपल्या तोंडून. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. एकदाच तर झालं. त्याने फोन खिशात टाकला.

पण चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही. गुरुवारी तिचा फोन आला, "फॉगर ठीक ना?" तो "हां... हां, ठीक," म्हणाला आणि त्याला जेवण गेलं नाही. तिने त्याच्यावर एकच काम सोपवलं होतं. फुलं आण म्हटलं नव्हतं, चंद्र आण म्हटलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी तो टेंपो काढून कॉलेजवर गेला आणि पार्किंगमध्येच तिला गाठलं.

"फॉगर आपोआप सुरू झाले. बुधवारी."

तिने हेल्मेट काढता काढता हात थांबवला. रागावली नाही, घाबरली नाही. नजर कुठेतरी दूर लागली आणि ओठ पुटपुटू लागले.

"त्याआधी लाईट गेली होती?"

"तुमाला कसं कळलं?"

"शेवटचा क्रमांक कुलूप लक्षात ठेवतं, पण विजेवर. वीज गेली की विसरतं. परत आली की एकपासून मोजायला लागतं... मग चोराचं प्रत्येक जुनं वाक्य त्याला नवंच वाटणार. फॉगर कधी सुरू झाले याची नोंदही त्याबरोबर पुसली जाणार." ती स्वतःशीच हसली. "इथल्या लॅबला जनरेटर आहे, धनेश. पाच वर्षांत एकदाही लाईट गेली नाही. मी शिळफाट्यावर वाढले, मेणबत्तीवर अभ्यास केला, आणि लाईट जाते हेच विसरले."

लोधिवलीत न येता, डबीला हात न लावता, दोन मिनिटांत तिने चोर पकडला होता. धनेश पुन्हा एकदा तिच्याकडे तोंडात बोट घालून बघत राहिला. मग तिची नजर त्याच्यावर आली आणि त्याला जमिनीत जावंसं वाटलं.

"बुधवारी झालं. आज शुक्रवार."

"तुमचं वर्ष बुडंल असं वाटलं... तुमाला वाईट वाटंल, म्हणून..."

"दोन दिवस माझं दार उघडं होतं," ती शांतपणे म्हणाली. "आणि तुम्ही बघत उभे होतात."

ती पायऱ्या चढून गेली. मागे वळली नाही.

शनिवारी हॉलच्या दारात ठेवायला कॉलेजने त्याच्याकडूनच कुंड्या मागवल्या होत्या, त्यामुळे जावं तर लागलंच. शेवटची कुंडी ठेवून तो तिच्या आडोशाला उभा राहिला. आत तिचे मार्गदर्शक सहदेव सर, परीक्षक बाई आणि मागे विद्यार्थी खचाखच भरलेले. जागृती पुढे आली. साधी निळी साडी, हातात काहीच नाही. ती गप्प राहिली असती तर त्या हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नसतं, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं.

"मी पाच वर्षं एक कुलूप बनवलं," तिने सुरुवात केली. "ते बुधवारी तुटलं. आधी ते कसं तुटलं, तेच दाखवते."

सहदेव सरांनी चष्मा काढला. आणि ती बोलत गेली. विजेचं, विसरण्याचं, एकपासून मोजण्याचं, आणि प्रयोगशाळेत कधीच न घडणाऱ्या पण शेतात हमखास घडणाऱ्या गोष्टीचं. स्वतःच्याच कामाची चूक इतकी निर्मळपणे मांडणारं माणूस धनेशने पाहिलं नव्हतं. आपण तिला जपायला निघालो होतो... हिला? त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकं अपार काहीतरी वाटलं की त्याने कुंडीचा काठ घट्ट धरला.

"ही उणीव कळवली कुणी?" शेवटी परीक्षक बाईंनी विचारलं.

"एका नर्सरीवाल्यांनी." तिची नजर दाराशी गेली, पानांमधून नेमकी त्याच्यावर. "दोन दिवस उशिरा. पण कळवली."

मुलं हसली. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रबंध आता घेणार नाही. हा भाग पुरा करून सहा महिन्यांनी आणा. तेव्हा तो मी इतरांना वाचायला सांगेन."

पुढच्या शनिवारी ती येईल की नाही, धनेशला ठाऊक नव्हतं. सकाळपासून त्याने एकच कुंडी चारदा हलवली. अकराच्या सुमारास फाटकाशी स्कूटी थांबली.

"मेन स्विच कुठं आहे?" एवढंच ती म्हणाली.

तिने नवं कुलूप जोडलं. धनेशने स्विच पाडला. शेड मुकी झाली. मग त्याने स्विच वर केला. खांबावरचा चोर ओरडू लागला. दोघं वर बघत उभी राहिली... एकही फॉगर हलला नाही. चोर ओरडला, ओरडत राहिला, आणि कलमांवरचं एकही पान ओलं झालं नाही. काहीच न घडणं इतकं सुंदर असू शकतं, हे धनेशला तेव्हा कळलं.

तिने हळूच श्वास सोडला. "लक्षात राहिलं त्याला."

"मॅडम," धनेश म्हणाला. "एक उणीव कळवायचीय. ह्या खेपेला उशीर नाय करायचा."

तिने वळून पाहिलं.

"तुमी पहिल्या दिवशी फाटकाबाहेरनं फॉगर चालू केले ना... तवापासून माझं काय कुलूप राहिलेलं नाय. मला तुमी आवडता. लई आवडता. नियम ठाऊक हाय, तीन महिने कुणाकडं बोलणार नाय. तेवढ्यात तुमाला जी दुरुस्ती करायची, ती करा. गपचूप बाजूला होईन."

हायवेवरून एक कंटेनर गेला. मग जागृतीने रिमोट त्याच्या समोर धरला.

"चालू करू? तुम्ही हो म्हणालात तरच."

"हो."

ती त्याच्या शेजारी, गुलाबांच्या कलमांमध्ये येऊन उभी राहिली आणि तिने बटण दाबलं. धुकं उतरलं. या वेळी दोघांच्याही पापण्यांवर.

"नाही करणार," ती म्हणाली.

"काय?"

"दुरुस्ती."

धनेशला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने तिचा ओला हात धरला, आणि तिने तो सोडवला नाही. झेंडूच्या वाफ्यातून गौराबाईने खुरपं खाली टाकलं आणि पदराला हात पुसत शेजारच्या बांधाकडे हाक दिली, "अगं जिजा, ऐकलंस का गं?"

कुणाकडे न बोलण्याची ती तीन महिन्यांची मुदत बिचारी तिथेच संपली.