आग विझायच्या आधी

पाण्याचा टँकर दोन तास उशिरा चिकलठाण्याच्या कंपनीत शिरला, तेव्हा मृण्मयीचा पारा चढलेलाच होता. केबिनमधून उतरलेल्या तरुणाला तिनं तिथंच फैलावर घेतलं.

"वेळेचं काही भान? या एका टँकरसाठी महिनाभर थांबलेय मी!"

"मॅडम, मी टँकरवाला नाय…" तो हसला, अन् गालावर खळी पडली. "तुमच्या फेसाची परीक्षा घ्यायला आलोय. गाडी पंक्चर झाली, म्हणून यात बसलो."

मृण्मयीला कुठं तोंड लपवू असं झालं.

तो शिवराज, तपासणी करणाऱ्या एजन्सीचा माणूस. आणि फेस म्हणजे आग विझवणारा, मृण्मयीनं दोन वर्षं खपून बनवलेला. कंपनीचा जुना फेस आग झटकन मारायचा. पण त्यातलं रसायन जमिनीत मुरून शेजारच्या कडूबाईच्या विहिरीत उतरायचं, आणि या दुष्काळात सारी वस्ती तेच पाणी पीत होती. नवा फेस बिनविषारी होता. फक्त पेटलेलं पेट्रोल त्यानं तीन मिनिटांत विझवायला हवं होतं. त्या दिवशी चार लागली.

"परत येईन की," शिवराज म्हणाला.

"फेसासाठी?"

"लई अवघड सवाल विचारता राव तुम्ही…"

फेस पाण्यात कालवावा लागायचा, म्हणून टँकर आला तरच चाचणी; मग दर टँकरला तो आला. टँकर नसला, तरी क्रांती चौकात चहा ठरलेला. तिच्या ओढणीवरची काजळी तो हलकेच झटकायचा — आणि ती झटकू द्यायची.

"फेस पास झाला की पुंडलिकनगरला येतो, तुझ्या बाबांना भेटाया."

"आणि नाही झाला तर?"

"व्हतोय गं!"

चैत्रात शेवटची संधी आली. आता नापास, तर प्रयोग कायमचा बंद. ज्वाळा बसत गेल्या… दोन मिनिटं… अडीच…

"विझली!" शिवराजनं घड्याळ थांबवलं. "दोन अठ्ठावन्न. पास!"

पलीकडच्या कोपऱ्यातली ज्योत मृण्मयीला स्पष्ट दिसत होती. ती आणखी पंधरा सेकंद जळली.

"हे काय केलंस, शिवराज?"

"तुझ्यासाठी केलं. पंधरा सेकंदांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"या फेसाच्या भरवशावर जो आगीत शिरेल, त्याचं."

"अन् कडूबाईची विहीर? अन्… आपलं?"

डोळ्यांतलं पाणी खळेना, तरी तिनं स्वतःच्या हातानं कंपनीच्या अहवालात खरी वेळ लिहिली : तीन मिनिटं तेरा सेकंद, नापास.

शिवराजची नोकरी गेली. क्रांती चौकात तो शेवटचा भेटला.

"जीव लावला, त्याची ही शिक्षा?"

"जीव माझाही लागलाय रे… पण यापुढं तू 'विझली' म्हणालास, की मला वाकून बघावं लागेल. दर वेळी."

अर्धा चहा तसाच ठेवून तो गर्दीत निघून गेला. तिनं हाक मारली नाही.

सोमवारी जुन्या फेसाचे डबे आले. मृण्मयीनं ते मोजून घेतले आणि पावतीवर सही केली.