रजेचा अर्ज

ही घटना माझ्या मावसबहिणीसोबत घडली आहे. ऐकून कुणी हसलं तरी चालेल. मी तिचा चेहरा पाहिलाय, म्हणून मला हसू येत नाही.

स्वप्नाली तिचं नाव. बदलून लिहू का विचारलं, तर नको म्हणाली.

दिवस रविवार, जानेवारी महिना, दुपारचे अडीच. जागा बारामती एमआयडीसीतली जनावरांच्या लसी बनवणारी एक कंपनी.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

स्वप्नाली सणसरची. कंपनीत ती कागदपत्रांच्या विभागात होती. लस कुणी बनवली, कुणी तपासली, शीतगृहात किती थंडावा होता, या सगळ्याचे कागद तिच्याकडे. आता ते कपाटात नसतात, क्लाउडवर असतात. कुणी कुठला कागद उघडला, कुणी सही केली, याची मिनिटासकट नोंद राहते. ती नोंद मालकालाही पुसता येत नाही.

त्या नोंदीनंच नागेशची नोकरी घालवली होती.

नागेश निरवांगीचा. स्वप्नालीच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पाच वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी शीतगृह सात तास बंद पडलं. आतली लस वाया गेली. तरी ती चांगली असल्याच्या कागदावर सही झाली आणि लस गावोगाव पोचली. ती लस टोचलेल्या गाई तरीही त्याच रोगानं दगावल्या.

सही नागेशच्या नावाची होती.

तो सांगत राहिला की त्या शनिवारी तो रजेवर होता, बहिणीच्या साखरपुड्याला. पण रजेचा अर्ज काही सापडेना. आणि चौकशीत स्वप्नालीनं सांगितलं, नागेश त्या दिवशी कामावर होता.

ती जाणूनबुजून खोटं बोलली नव्हती. त्या शनिवारी ती पुण्याला ट्रेनिंगला गेली होती. तिथं तिला अविराजचा फोन आला. नागेशचा पासवर्ड अडकलाय, तो माझ्यासमोरच बसलाय, नवा करून मला सांग. सगळ्यांची खाती तीच सांभाळायची, तिनं पुण्यातूनच दोन मिनिटांत करून दिला. अविराज विभागाचा साहेब, पण तिच्यासाठी दादा. सणसरचाच, भावकीतला. तिला नोकरी लावली ती त्यानंच. त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं तिच्या मनातही आलं नाही.

चौकशीच्या खोलीबाहेर नागेश तिच्यासमोर थांबला.

"तुलाबी तसंच वाटतं व्हय?"

तिनं मान खाली घातली.

दिवाळीनंतर निरवांगीच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. तो जागीच गेला.

तर, तो रविवार...

सोमवारी सरकारी तपासणी होती. जुन्या फायली स्कॅन करून क्लाउडवर चढवल्या होत्या. हजारो पानं. ती एकदा नजरेखालून घालायला स्वप्नाली एकटीच आली होती.

त्या इमारतीत शीतगृहाची मोटर दिवसरात्र घरघरत असते. इतकी की कान तिला विसरून जातात.

अडीच वाजता ती घरघर थांबली...

एकदम शांत.

आणि शेजारच्या टेबलावर माऊसचा आवाज आला.

टिक्.

तिनं वळून पाहिलं. टेबल रिकामं. कम्प्युटर तर दिवाळीतच तिथून उचलून नेला होता. लाकडावर नुसती धूळ.

तिच्या स्क्रीनवर नोंदींच्या यादीत एक नवी ओळ आली...

नागेश. प्रवेश. दोन वाजून एकतीस मिनिटं.

त्याचं खातं बंद झालं होतं. बंद करणारी तीच होती.

टिक्.

त्यानं एक नोंद उघडली. पासवर्ड बदलला, बदलणारी स्वप्नाली.

टिक्.

दुसरी. लसीच्या कागदावरची सही. ती कुठल्या कम्प्युटरवरून झाली, चौकशीत कुणी न पाहिलेलं, तेही तिथं होतं. अविराजच्या.

तिनं आपल्या माऊसवरचा हात काढून घेतला.

टिक्...

तिसरा कागद. पेनानं लिहिलेला, स्कॅन केलेला. अक्षर नागेशचं. बहिणीचा साखरपुडा असल्याने शनिवारी एक दिवसाची रजा मिळावी. खाली तारीख. त्याखाली 'मंजूर', आणि अविराजची सही.

ती सांगते, भीती नंतर वाटली. आधी वाटलं, आपल्याला कुणीतरी विकून टाकलंय. ज्या हाताला आपण राखी बांधली, त्या हातानं आपलंच तोंड वापरलं. नागेशला बुडवायला परका माणूस लागलाच नाही.

तिनं तिथूनच अविराजला फोन लावला. पलीकडे टीव्ही चालू होता. तिनं अर्जाचं सांगितलं.

"दादा, तुम्ही म्हणाला होता, तो समोर बसलाय."

टीव्ही बंद झाला.

"चौकशीत ते मी बोललो न्हाय, स्वप्नाली. तू बोललीस."



मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"आन् त्यो अर्ज तुला दिसायचाच न्हाय. मी सोता जाळलाय त्यो."

फोन कट झाला.

ती स्क्रीनकडे बघत बसली. अर्ज होता. समोर होता.

मग तिनं जबाब लिहायला घेतला. फोन, पासवर्ड, चौकशीत आपण काय बोललो, सगळं. स्वतःलाही सोडलं नाही. सही करून चढवला. साक्षीदाराची जागा तशीच मोकळी ठेवली. कोण होतं तिथं?

पायऱ्या उतरताना मागं मोटर पुन्हा घरघरायला लागली...

सोमवारी तपासणीच्या लोकांनी जबाब उघडला, तेव्हा साक्षीदाराची जागा मोकळी नव्हती.

नागेश. रविवार, तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

पुण्याच्या तंत्रज्ञांनी तीनदा तपासलं. खातं बंदच होतं. अविराजवर गुन्हा दाखल झाला. स्कॅनसाठी दिलेले सगळे गठ्ठे सोडून पाहिले, अर्जाचं मूळ पान कुठंच निघालं नाही.

स्वप्नालीनं नोकरी सोडली. मग एका सकाळी निरवांगीला गेली, नागेशच्या आईकडं, द्वारकाबाईंकडं. दारात उभी राहूनच तिनं सगळं सांगितलं. द्वारकाबाईंनी तिला आत ये म्हटलं नाही.

"माझं पोर म्हनायचं, बाकीच्यांचं काय न्हाय वाटत. स्वप्नालीचं वाटतं."

स्वप्नालीनं फोनवर जबाबाच्या त्या पानाचा, साक्षीदाराच्या सहीचा फोटो दाखवला. म्हातारीनं मोबाईल दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला.

"काय लिवलंय त्यानं?"

"फक्त नाव, मावशी."

द्वारकाबाईंनी छापील अक्षरावरून बोट फिरवलं.

"हितनंबी काढून टाकतील का गं त्याला?"

"नाही, मावशी. इथून कुणालाच काढता येत नाही."

द्वारकाबाईंनी मोबाईल परत दिला आणि दार लावून घेतलं.

ती सही आपल्याला साथ द्यायला होती की आपल्यावर नजर ठेवायला, हे स्वप्नालीला अजून कळलेलं नाही. परवा मी विचारलं.

तिनं फक्त वळून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं...